मयताला मुली किती

चँडलर, ॲरिझोना
९ सप्टेंबर २००३

प्रिय मोरूमामा,

नमस्कार. एडिसनला श्रीरंगकडे फोन केला होता. वहिनी म्हणाली, तुम्हाला फोनवर आता काहीच ऐकू येत नाही आणि कानात मशीन घालायला तुम्ही तयार नाही. ई-मेलला तर तुम्ही हातच लावत नाही. म्हणून हे पत्र. हातानं मराठी लिहून मला चार वर्षं झालीत, तेव्हा ऱ्हस्वदीर्घावर बोट ठेवायचं नाही.

काम आहे. तुम्ही जन्मभर महसूल खात्यात वारसांच्या नोंदी केल्यात, नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालात. मला नेमका तसाच माणूस हवाय. माझी पीएचडी चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या जमिनींच्या वारसाहक्कावर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ते ऐकून तुम्ही आईला ‘पोरीला दुसरा विषय मिळाला नाही का’ असं विचारलं होतंत, हेही मला ठाऊक आहे.

तर प्रकरण असं. एल्डरहोप नावाचं गाव. तिथला जमीनदार सर राल्फ १३६१ साली प्लेगनं मेला. असा माणूस मेला की राजाचा अधिकारी गावात यायचा, तिथलीच बारा माणसं बसवायचा आणि शपथेवर विचारायचा: मयताची जमीन किती, मेला कधी, वारस कोण, वारसाचं वय काय. राल्फची जमीन दोन जिल्ह्यांत होती, म्हणून चौकशाही दोन झाल्या. त्याच्या राहत्या गावातले बारा जण म्हणाले, राल्फला एकच मुलगी. जोन, वय चोवीस, लग्न झालेलं. वीस मैलांवर त्याची एक पाणचक्की आणि थोडी जमीन होती. तिथले बारा जण म्हणाले, मुली दोन. जोन, वय चोवीस, आणि ॲलिस, वय एकोणीस. मुलगा नसला तर सगळ्या मुलींना सारखा वाटा, असा तिथला कायदा. पण सगळी जमीन गेली जोन आणि तिचा नवरा विल्यम यांच्याकडे.

मग अकरा वर्षांनी एक बाई कोर्टात उभी राहते. म्हणते, मी ॲलिस, राल्फची मुलगी, माझा अर्धा वाटा द्या. विल्यम म्हणतो, मी हिला ओळखत नाही. पुढे निकालच नाही. कागद संपले.

ही बाई खरी की तोतया, यावर माझं अख्खं चॅप्टर अडकलंय. दीड वर्ष मी त्याच तीन कागदांच्या फोटोकॉप्या बघतेय, वैताग आलाय नुसता. पाच डिसेंबरला ते कमिटीपुढे ठेवायचंय. तेव्हाही ‘सांगता येत नाही’ म्हटलं तर असिस्टंटशिप बंद आणि पीएचडी तिथंच सुटली, असं माझ्या गाईडबाईंनी तोंडावर सांगितलंय. यतीन म्हणतो, यार, दोन्ही नोंदी एका टेबलमध्ये टाक आणि क्वेरी मार. त्याच्या ऑफिसातल्या चिपमध्ये सगळं एक तरी असतं नाही तर शून्य. मी म्हटलं, तू जेवण गरम कर.

तुमच्या टेबलावर हे तीन कागद आले असते तर तुम्ही काय केलं असतंत? सोबत भाषांतर जोडलंय.

तुमची,
नेत्रा


एडिसन, न्यू जर्सी
२१ सप्टेंबर २००३

चि. नेत्रा,

आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. या घरात मला कुणी काही विचारत नाही, तेव्हा खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. सकाळी आठला सगळे आपापल्या गाड्या काढून जातात. मी ओक ट्री रोडपर्यंत चालत जायचं ठरवतो, तर वाटेत फूटपाथच संपतो. मग परत येऊन कालचाच पेपर वाचायचा. श्रीरंगला सांगितलं, तर म्हणतो, बाबा, वीकेंडला ड्राइव्ह करून नेतो ना. जसा काही मी पार्सल आहे.

असो. अगं, ही तर सरळसरळ वारस चौकशी. तुमच्या राजाचा अधिकारी म्हणजे आमचा सर्कल इन्स्पेक्टर, ते बारा जण म्हणजे पंच. गोऱ्यांनी हे इकडून नेलं की तिकडून आणलं देव जाणे, पण पद्धत तीच. अशा नोंदी मी तीस वर्षं केल्या.

निकाल लिहून घे. राहत्या गावच्या पंचांचा जबाब ग्राह्य. राल्फच्या घरात पाळणे किती हलले हे शेजाऱ्याला माहीत असणार. वीस मैलांवरच्या चक्कीवाल्यांना काय माहीत? त्यांचं सगळं ऐकीव. तुझी ॲलिस तोतया आहे. जमिनीचा भाव वाढला की अशी उपटसुंभ मंडळी दहा-अकरा वर्षांनी हमखास उगवतात. हरकत घ्यायला मुदत असते, त्या मुदतीत ती कुठे होती?

माझ्या टेबलावर हे प्रकरण पंधरा मिनिटंसुद्धा टिकलं नसतं. तुझ्या गाईडबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मोरूमामा


चँडलर
१४ ऑक्टोबर २००३

प्रिय मामा,

तुमचा निकाल घेऊन मी गाईडबाईंकडे गेले. म्हणजे तुमचं नाव न सांगता, माझंच मत म्हणून. त्या खूश झाल्या, कारण त्यांचंही तेच मत आहे. जवळचा साक्षीदार तो खरा साक्षीदार. आणि त्यांचा प्रश्नही तुमचाच. ॲलिस खरी असेल तर ती अकरा वर्षं गप्प का बसली? याचं उत्तर दे, नाही तर ती खोटी म्हणून मोकळी हो, म्हणाल्या.

मोकळं व्हावं म्हणून घरी आले, लिहायला बसले आणि चार पानांनंतर सगळं फाडलं. पटेना. मामा, ते चक्कीच्या गावचे लोक फक्त ‘दुसरी मुलगी आहे’ एवढंच सांगून थांबत नाहीत. ते सांगतात की ॲलिस तिथंच जन्मली, कारण तिची आई बाळंतपणाला तिथं आली होती. नोव्हेंबरचा महिना होता. ज्या दिवशी बारसं झालं त्या दिवशी चक्कीचा बांध फुटला, म्हणून आमच्या लक्षात आहे. हे ऐकीव कसं असेल? आणि खोटं असेल तर त्यातून त्यांना काय मिळणार होतं? चक्की जोनकडे गेली काय आणि ॲलिसकडे गेली काय, त्यांना धान्य दळून आणायचंच होतं.

उलट एल्डरहोपचे बारा जण बघा. एकोणीस वर्षं ज्या गावात ही पोरगी वावरली, तिथल्या बाराच्या बारा माणसांना ती आठवू नये? इतकी कशी विसरतील?

तुम्ही पंचांचे जबाब शेकड्यांनी घेतलेत. माणसं असं विसरतात का? सात आठवडे राहिलेत आणि माझ्याकडे एक धड परिच्छेद नाही. यतीन आता काही सुचवत नाही, नुसता बघतो. त्याचाही राग येतो.

नेत्रा


एडिसन
२ नोव्हेंबर २००३

चि. नेत्रा,

तू पुन्हा पुन्हा तेच विचारतेस. मी एकदा सांगितलं. कागद काय सांगतो ते बघायचं, कागदामागे काय असेल त्याचे तर्क करत बसायचे नाहीत. आम्ही तसं करत बसलो असतो तर तालुक्यातली एक नोंद झाली नसती.

नोंद झाली, मुदतीत हरकत आली नाही, विषय संपला. ज्याला हक्क असतो तो गप्प बसत नाही. गप्प बसणं म्हणजे संमती. खात्यात हेच धरतात आणि कोर्टातही हेच धरतात. कोण कुठली ती ॲलिस, सहाशे वर्षांपूर्वी मेली. तिच्यापायी तू नवऱ्यावर चिडतेस, जेवत नाहीस. हे काय चाललंय? तुझ्या आईनंसुद्धा तुला हेच सांगितलं असतं. असल्या गोष्टी उकरून काढलेल्या तिला आवडत नसत.

भाषांतर परत पाठवतो आहे. माझ्याकडे ठेवून उपयोग नाही. इथं थंडी पडली आहे, हात आखडतात. यावर आता आणखी लिहिणार नाही.

मोरेश्वर


चँडलर
१२ नोव्हेंबर २००३

मामा,

भाषांतर मिळालं. ज्या रागानं घडी घातलीत त्या रागानं ते मधोमध फाटलंय.

मी तुमच्या खात्यावर संशय घेतला असं वाटून लागलं असेल, तर सॉरी. तसं म्हणायचं नव्हतं. पण आईला मध्ये का आणलंत? आईला जाऊन तीन वर्षं झाली आणि तिला काय आवडलं असतं हे आता जो तो मला सांगतो. तिला माझा विषय आवडायचा. मी अशा जुन्या चौकशांबद्दल सांगायला लागले की भाजी निवडता निवडता ती थांबायची आणि विचारायची, ‘मग त्या मुलीला मिळालं का?’ तेव्हा मला वाटायचं, आईला गोष्टीच आवडतात.

मला सल्ला नको. एका प्रश्नाचं उत्तर द्या, तेही मामा म्हणून नको, नायब तहसीलदार म्हणून द्या. तुमच्या सगळ्या नोकरीत, हक्क असूनही गप्प बसलेला एक तरी खरा वारस तुम्ही पाहिलात का? हो की नाही? नाही म्हणालात तर मी ॲलिसला खोटं ठरवते, चॅप्टर देते आणि झोपते.

तेवीस दिवस उरलेत.

नेत्रा


एडिसन
२२ नोव्हेंबर २००३

चि. नेत्रा,

हो. पाहिला आहे.

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज ‘नाही’ असं लिहायला बसतो. ते एका शब्दाचं उत्तर आहे, लिहायला काय लागतं? आज शेवटी खरं लिहितो.

१९७८ साली दादा गेले, तुझे आजोबा. तेरावं झाल्यावर चौथ्या दिवशी तलाठी आणि सर्कल आमच्या घरी आले. जबाब खरं तर चावडीवर व्हायचा, पण मी तालुक्याला अव्वल कारकून, म्हणून मला मान देऊन ते घरी आले. ओट्यावर सतरंजी टाकली. पंच मी आणले होते. एक आमची जमीन वाट्यानं करणारा, एक प्रल्हादचा मित्र आणि एक शेजारचा, ज्याच्या मुलाला मी कचेरीत चिकटवलं होतं. सर्कलनं विचारलं, मयताला मुलगे किती? मी म्हटलं, दोन, मोरेश्वर आणि प्रल्हाद. मयताला मुली किती? मी म्हटलं, नाहीत.

तुझी आई त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. सर्कलनं वर बघितलं आणि विचारलं, या कोण? मी म्हटलं, पाहुण्या आहेत, मुंबईहून आल्यात. पंचांनी माना डोलावल्या. त्या तिघांनी तिला परकरापासून पाहिलेलं, तिच्या लग्नात पंक्तीला बसलेले. नंदाताईनं सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला. मग रिकामे कप गोळा करून आत नेले. संध्याकाळच्या एसटीनं ती तुला घेऊन गेली. तू चार वर्षांची होतीस.

त्यानंतर ती बावीस वर्षं जगली आणि एकदाही त्याबद्दल बोलली नाही. दर भाऊबीजेला मला ओवाळायची. तिची संमती आहे असं मी धरलं. कायद्यानं तिचा हक्क होता, आणि मी कायदा कोळून प्यायलेला माणूस. हक्कसोड पत्र पुढं केलं असतं तर तिनं न वाचता सही केली असती. पण मी ते केलं नाही. ते पुढं करायचं तर आधी तिला हक्क आहे असं तिच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं.

आता तुझ्या कामाचं. मी दिलेला निकाल चूक आहे. जवळचे पंच विसरत नाहीत. त्यांना उद्या त्याच गावात राहायचं असतं, ज्याच्या हातात जमीन जाणार त्याच्याकडेच काम मागायचं असतं. लांबच्याला कुणाची भीड नसते, म्हणून त्याला बांधसुद्धा आठवतो. पंच कुणी आणले ते शोध. विल्यमच्या कुळांची यादी कुठं मिळाली तर ती त्या बारा नावांच्या शेजारी ठेवून बघ.

आणि त्या बाई विचारतात ती गप्प का बसली. तिला हे सगळं ऐकू आलं होतं म्हणून. भावाबहिणीच्या तोंडून एकदा ‘ही आमची कुणी नाही’ असं ऐकल्यावर माणूस पुरावे गोळा करत बसत नाही.

मला उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

मामा


चँडलर
१४ डिसेंबर २००३

मामा,

चॅप्टर मंजूर झालं.

विल्यमच्या कुळांची यादी होती. दीड वर्ष लायब्ररीत माझ्या बसायच्या जागेपासून दोन कपाटं सोडून होती. ती त्याच्या शेजारच्याच दुसऱ्या एका गावातल्या खंडाच्या कागदांत होती, म्हणून कधी उघडलीच नव्हती. एल्डरहोपच्या बारा पंचांपैकी सात जण त्याचीच कुळं. आठव्याला चौकशीच्या पुढच्याच वर्षी कारभारी नेमलं. गाईडबाईंनी दोन्ही याद्यांतली नावं बोटानं जुळवून पाहिली आणि विचारलं, हे तुला सुचलं कसं? मी म्हटलं, माझ्या ओळखीचे एक महसूल अधिकारी आहेत, त्यांना पंच कसे आणतात ते माहीत आहे. खोटं तर नाही बोलले.

या सगळ्याबद्दल तुमचे आभार मानायला हवेत आणि मला ते लिहवत नाहीये. याचाच सगळ्यात जास्त राग येतोय. तुम्ही आईशी जे केलंत त्याच्यावर माझं चॅप्टर उभं राहिलंय. कमिटी अभिनंदन करत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे ट्रे होता.

बावीस वर्षांत ती एकदाही बोलली नाही असं तुम्ही लिहिता. मामा, त्या बावीस वर्षांत ती गावच्या घरात एकदाही राहिली नाही. प्रल्हादमामाच्या मुलीच्या लग्नाला गेलो तेव्हा आम्ही तालुक्याला लॉजवर उतरलो होतो. मी विचारलं तर म्हणाली, मला तिथली धूळ सोसत नाही. आणि मी ते खरं मानलं. तिनं सांगायचं ते सांगितलं होतं, आपणच ऐकलं नाही. तुम्ही सोयीनं ऐकलं नाहीत आणि मी मूर्ख म्हणून.

तुम्ही रडला असाल, पस्तावला असाल, मला त्याचं काही करायचं नाहीये. जमीनही नको. प्रल्हादमामानं ती खुशाल कसावी. मला एक वाक्य हवंय. मयताला एक मुलगी होती, तिचं नाव नंदा. ज्या दप्तरात ‘नाहीत’ म्हणून लिहून घेतलंत, त्याच दप्तरात, तुमच्या सहीनं. कसं करायचं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

ते होईपर्यंत पत्र पाठवू नका.

नेत्रा


एडिसन
२० मार्च २००४

चि. नेत्रा,

पाठवू नको म्हणालीस म्हणून तीन महिने थांबलो. काम झालेलं नाही. तरीही लिहितो आहे, कारण कुठं अडलं ते तुला कळायला हवं.

जानेवारीत जबाब लिहिला. श्रीरंगला सांगितलं, मला न्यूयॉर्कच्या वकिलातीत नेऊन सोड, एका कागदावर अधिकाऱ्यासमोर सही करायची आहे. त्यानं कारण विचारलं. वाचायला दिला. वाचून तो म्हणाला, बाबा, आता याची काय गरज आहे, आत्या तर गेली. मी म्हटलं, तुला जमत नसेल तर मी ट्रेननं जातो. आणि गेलो. इतका बर्फ मी जन्मात तुडवला नव्हता. कानात मशीनही घातलं, खिडकीतली बाई काय विचारते ते ऐकू यायला हवं म्हणून. तिनं विचारलं, अर्जदाराचं नंदा या व्यक्तीशी नातं काय? मी म्हटलं, सख्खी बहीण. हे शब्द मी कुठल्याही अधिकाऱ्यासमोर पहिल्यांदा उच्चारले.

प्रल्हादला कळवलं. त्यानं श्रीरंगला फोन करून सांगितलं, तुझ्या बापाचं डोकं फिरलंय, आणि फोन ठेवून दिला. ते धरून चाललोच होतो.

जबाब तालुक्याला एकनाथकडे पाठवला. एकनाथ माझ्या हाताखाली कारकून होता, नोंदी करायला मीच त्याला शिकवलं. आता तो माझ्या जागेवर आहे. काल त्याचं उत्तर आलं. दुरुस्तीला पुरावा लागतो, म्हणतो. नंदा ही मयताची मुलगी होती हे दाखवणारा एखादा कागद पाठवा. मी सगळं घर डोक्यात उलथंपालथं केलं. ताई घरी जन्मली, जन्माची नोंद नाही. चौथीपर्यंत शिकली, त्या शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. लग्नानंतरच्या प्रत्येक कागदावर तुझ्या वडिलांचं नाव. ज्या पंचांनी तिला पाहिलं होतं ते तिघंही गेले. दादांची मुलगी म्हणून तिचं नाव लिहिलेला एकही कागद या पृथ्वीवर नाही. लिहायची एक वेळ आली होती, तेव्हा लिहून देणारा मी होतो.

एकनाथचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं उतरवतो. ‘साहेब, आता दप्तरात आपले दोन जबाब झालेत. अठ्ठ्याहत्तर सालचा म्हणतो मुली नाहीत, या सालचा म्हणतो एक होती. यातला खरा कुठला धरायचा ते आपणच सांगावं, कारण दोन्हींखाली सही आपलीच आहे.’

मोरेश्वर